'चावान'ला मराठीत काय म्हणावं?

जपानी चहाविधीवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. त्यात हाताने रंगवलेलं चहाचं भांडं आहे, बाहेरून 'आसागाओ'ची निळी फुलं. मूळ शब्द 'चावान'. यातला 'चा' आणि आपला चहा, दोन्ही मूळचे चिनी. अडतंय ते 'वान'पाशी. कप, पेला, वाटी की वाडगा?

— कपाला कान असतो, चावानला नसतो. वाटी लहान पडेल. माच्चाची, म्हणजे हिरव्या चहाची, पूड आणि गरम पाणी त्यातच बांबूच्या 'चासेन'ने घुसळतात, तेवढा घेर हवा. शिवाय भांडं डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताने सावरायचं असतं. वाडगाच म्हणा. आणि उच्चारात 'च' चहातला, चांदण्यातला नव्हे.

— वाडगा म्हटलं की दूधभात नाहीतर भिकेचा वाडगा डोळ्यांपुढे येतो. एवढ्या देखण्या वस्तूला तो शब्द रांगडा वाटतो.

— दूधभात आठवला तर बरंच झालं! आज जपानी घरात नुसतं 'ओचावान' म्हटलं की बहुधा भाताचाच वाडगा पुढे येतो. चहाचा हवा असेल तर 'माच्चा-जावान' म्हणतात. जोडशब्दात 'चा'चा 'जा' होतो. रोजच्या चहाचा उभट पेला वेगळा, तो 'युनोमी'. लिहितानाही फरक दिसतो: मातीच्या 'वान'च्या चिन्हात दगडाची खूण, लाकडी 'वान'च्या चिन्हात झाडाची. उच्चार एकच. मात्र 'चिनी मातीचा' असं सरसकट लिहू नका; पुष्कळ चावान पोर्सेलीनचे नसतात.

— आणि फुलांना 'नक्षी' चालेल?

— मला नाही पटत. नक्षी काठाकाठाने फिरत जाते, तिला सुरुवात-शेवट नसतो. हे चित्र आहे. सतराव्या शतकात क्योतोमध्ये निन्नाजी मंदिराजवळच्या भट्टीत नोनोमुरा निन्सेईने झिलईवर रंगीत चित्र काढून भांडं पुन्हा भाजायची कला फार उंचीवर नेली. त्या चित्राची बाजू म्हणजे 'शोमेन'. आपल्याकडे त्याला 'दर्शनी बाजू' हा नेमका शब्द आहे. यजमान ती पाहुण्याकडे करतो, आणि पाहुणा वाडगा थोडा फिरवून पितो, चित्रावर ओठ लागू नयेत म्हणून. मी 'ऋतुचित्र' म्हणेन, कारण वाडगा ऋतू पाहूनच काढतात: उन्हाळ्यात उथळ, पसरट, चहा लवकर निवावा म्हणून, कडक थंडीत उभा, खोल.

— मग 'शरदाचं ऋतुचित्र' लिहू? हायकूच्या परंपरेत आसागाओ शरदाचं फूल आहे.

— इथे नको. चहाच्या खोलीत ते उन्हाळ्यात दिसतं. फुलाचं नावही तसंच ठेवा. 'आसा' म्हणजे सकाळ, 'काओ' म्हणजे चेहरा, एवढं एकदा सांगितलं की पुरे.

— वाक्य असं करते: 'यजमानांनी उन्हाळ्यातला पसरट वाडगा पुढे ठेवला, दर्शनी बाजूला आसागाओ उमललं होतं.'