घरात एकाला टीबी, पण बाकीच्यांना तिघांना तीन वेगळे सल्ले. मदत हवी आहे

खारूताई:

नमस्कार मंडळी, जरा घाईत टंकतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या दिरांना फुफ्फुसाचा टीबी निघालाय. बेडक्यात जंतू सापडले, औषधं चालू झाली, नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी आहे असं रिपोर्टवरून सांगितलं, त्यामुळे त्यांची बाजू तशी मार्गी लागलीय. माझा प्रश्न बाकीच्या घराचा आहे. आम्ही सगळे एकत्र राहतो. तपासणीवाल्या ताई घरी येऊन सगळ्यांची नावं, वयं, कोण कुठे झोपतं असं सगळं लिहून घेऊन गेल्या, मग बोलावून खोकला ताप वजन रात्रीचा घाम विचारलं, छातीचे एक्स-रे काढले (सगळे क्लिअर), आणि आम्हा दोघा नवराबायकोच्या हातावर ती सुई टोचायची टेस्ट केली.

आता गोंधळ असा की नवऱ्याची टेस्ट पॉझिटिव्ह, १४ मिमी आली, तर त्याला म्हणाले तुम्हाला टीबी नाही पण औषध घ्या. माझी निगेटिव्ह आली तर मला म्हणाले दोन महिन्यांनी परत करू. आणि आमचा मुलगा ३ वर्षांचा, त्याची सुईची टेस्ट केलीच नाही आणि त्याला मात्र सरळ औषध लिहून दिलं! म्हणजे आजार नाही त्याला औषध, टेस्टच नाही त्यालाही औषध आणि जिची टेस्ट चांगली आली तिची परत टेस्ट. हे काय लॉजिक आहे? मुलगा मस्त खेळतोय, खोकला वगैरे काही नाही, उगाच सहा महिने कशाला गोळ्या असं घरात सगळे म्हणतायत आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय.

सासूबाई तर यायलाच तयार नाहीत, मला कुठे खोकला आहे म्हणतात. त्यांना शुगर आहे. शिवाय नणंद बाळाला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहून गेली, दिरांचं निदान व्हायच्या आधी. तिला कळवायचं नाही असं घरात ठरलंय, तिच्या सासरी बोभाटा होईल म्हणून.

जाणकारांनी प्लीज सांगा.

रातराणी:

काळजी घ्या. आधी भांडी, टॉवेल सगळं वेगळं करा दिरांचं. आणि बीसीजी घेतलेल्या माणसाची ती सुईची टेस्ट पॉझिटिव्हच येते असं ऐकलंय, त्यात काही दम नसतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

कडूनिंब:

खारूताई, मी हेच काम करतो, टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना शोधून तपासायचं. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी भांड्यांचं. टीबी हवेतून पसरतो. भांडी, कपडे, शेकहँड यातून नाही. भांडी वेगळी करून फक्त पेशंटला वाईट वाटतं. त्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीचे दिवस त्यांना मास्क लावू दे आणि वेगळं झोपू दे. औषधं लागू पडत असतील आणि रोज घेतली जात असतील तर संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो, साधारण दोन आठवड्यांत बराच.

आता तुमचं तीन माणसं तीन सल्ले. अंगात जंतू असणं आणि टीबीचा आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच सगळ्यांची गाडी अडते. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येच्या अंगात हा जंतू शिरलेला आहे असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही, आयुष्यभरात ५ ते १० टक्के लोक आजारी पडतात. पण हा धोका सारखा पसरलेला नसतो, संसर्ग झाल्यानंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यात वाईट. तुमच्या नवऱ्याला जंतू मिळाला असेल तर तो घरातूनच, नुकताच, असं धरून चालावं लागतं. एक्स-रे साफ आहे, लक्षणं नाहीत म्हणजे आजार नाही, मग जंतू जागा व्हायच्या आत त्याला मारायचा, त्याचं ते औषध. रातराणी, बीसीजीमुळे ती टेस्ट कधीकधी चुकीची पॉझिटिव्ह येते हे खरंय, पण तान्हेपणी घेतलेल्या लसीचा तो परिणाम वर्षांनी बराच ओसरतो, आणि घरात बेडका पॉझिटिव्ह पेशंट असताना १४ मिमीला बीसीजीवर ढकलून मोकळं होता येत नाही. अगदीच शंका असेल तर रक्ताची इग्रा टेस्ट असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. पण आजार आहे की नुसता संसर्ग हे दोन्हीपैकी एकही टेस्ट सांगत नाही, ते एक्स-रे, लक्षणं आणि बेडक्यावरूनच ठरतं.

तुमची निगेटिव्ह. जंतू शिरल्यापासून शरीर त्याची दखल घेऊन टेस्टमध्ये दाखवायला ८-१० आठवडे जाऊ शकतात. निदान होईपर्यंत तुम्ही त्याच हवेत श्वास घेत होतात ना, मग आजची निगेटिव्ह म्हणजे कदाचित नुसती घाई. म्हणून परत. त्यावेळी टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत दाखवायला जायचंच, नंतर गेलात तर वाचता येत नाही. आणि लाली मोजत नाहीत, कडक फुगवटा मोजतात, त्यामुळे घरी पट्टी लावून निकाल काढू नका (लोक काढतात).

मुलाचं सगळ्यात महत्त्वाचं. ५ वर्षांखालच्या मुलांत जंतू शिरला की आजार फार लवकर होऊ शकतो, आणि झाला की मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा अंगभर पसरणारा प्रकार याच वयात जास्त. बीसीजी त्या गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते पण पूर्ण नाही. शिवाय इतक्या लहान मुलांत ती टेस्ट संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला असा की घरात फुफ्फुसाचा टीबी असेल तर ५ वर्षांखालच्या मुलाला आजार नाही एवढं पक्कं करायचं आणि सुईच्या टेस्टसाठी न थांबता प्रतिबंधक औषध द्यायचं. मुलगा खेळतोय हीच तर ते द्यायची वेळ. आजार सुरू झाल्यावर हे औषध पुरत नाही, तेव्हा तीन-चार औषधांचा पूर्ण कोर्स लागतो. आजार लपलेला असताना एकटं औषध दिलं तर जंतू त्याला निर्ढावतो, म्हणून आधी एक्स-रे काढला. मुलाचं वजन वाढेना, खेळणं कमी झालं, मलूल राहतोय असं दिसलं तर तारखेची वाट न बघता घेऊन जा.

पाऊलवाट:

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, मी स्वतः आयसोनियाझिड (टीबी होऊ नये म्हणून द्यायचं औषध) घेतलंय म्हणून थोडं लिहिते. गोळीचा त्रास मला तरी फार झाला नाही, सोबत बी६ ची गोळी दिली होती, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. लिव्हरवर लक्ष ठेवायचं. भूक मेली, सारखी मळमळ, लघवी गडद, डोळे पिवळे यातलं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर, दारू अजिबात नको. सहा महिन्यांचा कोर्स सोडून आता छोटे पण आहेत, आठवड्यातून एकदा असे १२ डोस किंवा रोज तीन महिने, कुणाला कुठला ते तिथलेच ठरवतात.

खरा त्रास काय माहितीये, दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. आजारी माणसाला बरं वाटतं म्हणून तो घेतो, आपल्याला आधीपासून बरंच असतं, मग कशासाठी घेतोय तेच विसरायला होतं. तुमच्या दिरांच्या गोळ्यांच्या वेळेलाच सगळ्यांनी घ्या, आमचं तसंच निभावलं.

आणि घरातल्या सगळ्यांच्या जेवणाकडे बघा, नुसतं पेशंटच्या नाही. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना जास्तीचा पोषण आहार देऊन बघितला होता, २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय तो अभ्यास, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं.

खारूताई:

मनापासून आभार, कडूनिंब तुम्ही तर डोक्यातला गुंता सोडवलात. मुलाचं औषध आजच चालू करतेय. पण सासूबाई आणि नणंद राहिल्या. सासूबाई म्हणतात खोकला नाही तर तपासायचं काय, आणि नणंदेचं कसं करू? बाळ आठ महिन्यांचं आहे.

कडूनिंब:

आठ महिन्यांचं बाळ?? मग नणंदेला आजच फोन करा, यात घरचं काय ठरलंय त्याला अर्थ नाही, रागवा हवं तर. निदानाआधीच्या तीन महिन्यांत एका छताखाली एक रात्र जरी काढली असेल तरी ती घरातलीच संपर्क धरतात, ती तर महिनाभर होती. तुमच्या मुलाला जो नियम तोच त्या बाळाला, उलट जास्तच. सासरी काय सांगायचं ते ती ठरवेल. आम्ही कुणाच्या घरी गेलो तरी पेशंटचं नाव सांगत नाही, तिला हवं असेल तर ती आपणहून तिच्या जवळच्या केंद्रात जाऊन एवढंच सांगू शकते की टीबीच्या पेशंटसोबत राहिलेय, बाळ लहान आहे. बाळ अंगावर पीत असेल तर पिऊ दे, दूध बंद करायचं कारण नाही.

सासूबाईंना सांगा की मोठ्या पाहण्यांमध्ये बेडक्यात जंतू सापडलेल्या जवळपास निम्म्या लोकांनी आपल्याला काही त्रास नाही असंच सांगितलं होतं. त्यात शुगर म्हणजे धोका अजून वाढतो. टेस्ट नको तर नको, निदान एक एक्स-रे. त्यांना तपासणीला चला म्हणू नका, नातवासाठी चला म्हणा, हा उपाय माझ्या अनुभवात जवळजवळ कधी फसत नाही. घरोघर जाण्यात काय मोठं मिळतं असं आम्हालाही लोक विचारतात, पण व्हिएतनामचा मोठा अभ्यास आहे, २०१८ ला आला, घरच्यांना बोलावून वेळोवेळी तपासलं तिथे नुसती वाट बघण्यापेक्षा अडीचपट पेशंट सापडले.

खारूताई:

नणंदेशी बोलले. आधी रडली मग भांडली, मला आत्ता सांगताय म्हणून, पण उद्या बाळाला घेऊन जातेय. सासूबाई एक्स-रेला हो म्हणाल्यात, टेस्टचं नंतर बघू म्हणतात.

एक शेवटचं, नवऱ्याला तो तीन महिन्यांचा कोर्स दिलाय, रोजचा, त्यात रिफॅम्पिसिन पण आहे. त्याची रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू आहे, ते तिथे कुणी विचारलंच नाही. चालेल का?

कडूनिंब:

पहिला डोस घ्यायच्या आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दाखवायला न्या. रिफॅम्पिसिनने रक्त पातळ करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांचा असर कमी होतो, डॉक्टर डोस बदलतील नाहीतर दुसरा कोर्स देतील, पण स्वतःहून ती गोळी अजिबात बंद करू नका. लघवी नारिंगी होईल त्याला घाबरू नका, ती रिफॅम्पिसिनचीच. आणि तुम्ही स्वतः गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल आणि दोन महिन्यांनी तुमची टेस्ट पॉझिटिव्ह येऊन हाच कोर्स मिळाला तर तेव्हा तेही सांगा, त्या गोळ्याही याने निकामी होतात.

पाऊलवाट:

आणि टेस्टची तारीख फोनमध्ये लावून ठेवा आत्ताच, दोन महिन्यांनी कुणी आठवण करत नाही.

खारूताई:

लावली.