ब्लॅक आयपीए की कॅस्केडियन डार्क एल? मूळ कोणाचे, नाव कोणाचे?

सह्यवारा (प्रश्न)

रंगाने जवळजवळ काळी, परंतु चवीला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) भरघोस कडवटपणा असलेली जी बिअर अमेरिकेत ‘ब्लॅक आयपीए’ या नावाने मिळते, तिच्या उगमाविषयी जाणकारांकडून माहिती हवी आहे. माझे मेहुणे पोर्टलंडला असतात. त्यांच्या मते या प्रकाराचे खरे नाव ‘कॅस्केडियन डार्क एल’ असून तो ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांचाच आहे. बॉस्टनमधले एक स्नेही तितक्याच ठामपणे व्हरमाँटचे नाव घेतात. आयपीए (इंडिया पेल एल; एल हा बिअरचाच एक प्रकार) या आद्याक्षरांतला ‘पी’, म्हणजे ‘पेल’, फिकट रंगाचा निदर्शक असताना काळ्या बिअरला ते नाव लागलेच कसे, ही शंका आहेच. शिवाय पोर्टर किंवा स्टाउट या गडद रंगाच्या जुन्या बिअरमध्ये हॉप्स वाढवले की हीच बिअर तयार होते, की मुळात कृतीच वेगळी आहे, हेही कोणी स्पष्ट केल्यास बरे होईल.

गडकरी_बर्लिंग्टन

आपल्या बॉस्टनच्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे, असे माझे मत आहे. (मी व्हरमाँटमध्ये राहतो, त्यामुळे ते थोडे सवलतीने घ्यावे.) ग्रेग नूनन यांनी १९८८ साली बर्लिंग्टन येथे ‘व्हरमाँट पब अँड ब्रुअरी’ सुरू केली. तोपर्यंत पबच्या जागेतच बिअर बनवून तिथेच विकण्याची मुभा राज्याच्या कायद्यात नव्हती आणि ती मिळावी म्हणून नूनन यांनी विधिमंडळाकडे पाठपुरावा केला होता. याच पबमध्ये १९९० च्या आसपास ‘ब्लॅकवॉच आयपीए’ ही बिअर तयार झाली. या प्रकारातली व्यावसायिक स्वरूपात विकली गेलेली पहिली बिअर म्हणून आज सामान्यतः तिचाच उल्लेख केला जातो. मात्र एका ब्रूपबच्या नळावर मिळणारी बिअर राज्याबाहेर कितीशी पोहोचणार? तिची परंपरा टिकली ती नूनन यांच्या हाताखाली काम केलेल्या जॉन किमिच यांच्यामुळे. त्यांनी २००३ साली वॉटरबरी येथे ‘दि अल्केमिस्ट’ हा पब उघडला आणि तिथे ‘एल हेफे’ या नावाची काळी आयपीए बनवली.

वायव्येकडच्या ब्रुअरींनी हा प्रकार लोकप्रिय केला, हे मी नाकारत नाही. परंतु लोकप्रिय करणे वेगळे आणि जन्माला घालणे वेगळे.

देवदार

मी सिएटलला राहत असल्याने दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

कॅस्केडिया ही संकल्पना बिअरपुरती नाही. कॅस्केड पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांचा प्रदेश, म्हणजे ऑरेगन, वॉशिंग्टन आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया, हा निसर्गाने एक असलेला भूभाग आहे, अशी भावना इकडे बरीच जुनी आहे. त्या भावनेचा डग्लस फरच्या झाडाचे चित्र असलेला झेंडाही आहे. व्हिक्टोरिया शहरातील फिलिप्स ब्रुअरीची ‘ब्लॅक टूक’ आणि ऑरेगनमधील रोग ब्रुअरीत जॉन मायर यांनी केलेले प्रयोग हे सारे या शतकाच्या पहिल्या दशकातले. या मंडळींनी नूनन यांची बिअर चाखून तिची नक्कल केली, असे कोणी दाखवून दिलेले माझ्या वाचनात नाही.

नावाचा वाद पेटला तो जानेवारी २०१० मध्ये. बिअरविषयी लिहिणारे एब्रम गोल्डमन-आर्मस्ट्राँग यांनी पोर्टलंडमध्ये ब्रुअर मंडळींची बैठक बोलावली, या प्रकारातील अनेक बिअर समोर ठेवून त्यांची चव घेण्यात आली आणि ‘कॅस्केडियन डार्क एल’ या नावाचा जोरदार पुरस्कार करण्यात आला. बेंड येथील डेशूट्स ब्रुअरीने आपल्या ‘हॉप इन द डार्क’ला हेच नाव लावले, तर पोर्टलंडच्या हॉपवर्क्सने एक पाऊल पुढे जाऊन आपल्या बिअरला ‘सिसेशन’ म्हटले, म्हणजे चक्क फुटून निघणे! नूनन यांचे निधन ऑक्टोबर २००९ मध्ये झाले होते, त्यामुळे या वादात त्यांचा स्वतःचा आवाज उमटला नाही, याची मात्र खंत वाटते.

या नावाचा मुख्य आधार हॉप्स हा होता. अमेरिकेतील जवळजवळ सगळे हॉप्स वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडाहो या तीन राज्यांत पिकतात. देवदारवर्गीय झाडांच्या राळेचा आणि ग्रेपफ्रूटच्या सालीचा जो वास आपल्याला येतो तो त्यांचा. भाजलेल्या माल्टशी (मोड आणून वाळवलेल्या धान्याशी) गाठ पडली की त्या वासात पुदिना आणि रोझमेरीची छटा येते, असेही या नावाचे समर्थक सांगत असत.

कडूनिंब

देवदार, आपला हॉप्सचा मुद्दा खरा आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. हॉप्सच्या गावावरून नाव द्यायचे, तर अमेरिकेतील प्रत्येक आयपीएला कॅस्केडियन म्हणावे लागेल. आणि या बिअरला काळा रंग देणारा माल्ट बहुतेक वेळा जर्मनीतून येतो, त्या हिशेबाने बांबर्ग शहरानेही दावा ठोकायला हरकत नाही.

सह्यवारा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच माल्टमध्ये आहे. स्टाउटमध्ये कडक भाजलेले सातू किंवा सालासकट भाजलेला काळा माल्ट वापरतात. कॉफीसारखा करपट कडवटपणा आणि जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा त्यातून येतो आणि स्टाउटला तो शोभतोही. पण त्यावर आयपीएच्या मापाने हॉप्स घातले, तर दोन प्रकारचे कडू एकमेकांवर चढतात आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत चव राखेसारखी होते. बांबर्गची वायरमन कंपनी ‘काराफा स्पेशल’ नावाचा माल्ट बनवते. त्यात भाजण्यापूर्वी दाण्याचे बरेचसे साल काढून टाकलेले असते. त्यामुळे रंग पुरेपूर उतरतो, पण करपटपणा आणि तुरटपणा फार कमी येतो. एकूण माल्टच्या चार-पाच टक्के एवढाच घातला तरी बिअर काळी दिसते. उरलेला सगळा भाग साध्या फिकट माल्टचाच असतो, म्हणजे सांगाडा आयपीएचाच राहतो. म्हणून पोर्टरमध्ये हॉप्स वाढवल्याने ही बिअर होत नाही, उलट आयपीएलाच काळे करावे लागते.

घरी बिअर बनवणारे आणखी एक युक्ती वापरतात. काळा माल्ट भरडून रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी गाळायचा आणि शाईसारखे निघालेले ते पाणी उकळीच्या शेवटी शेवटी मिसळायचे. गरम पाण्याने जो कडवटपणा सुटतो, त्याचा बराचसा भाग असा मागेच राहतो. काही जण काळा माल्ट मॅशच्या (माल्ट गरम पाण्यात मुरवण्याच्या टप्प्याच्या) अगदी अखेरीस वरून पसरतात, त्यामागचे कारणही तेच.

सह्यवारा

सर्वांचे आभार. माल्टचा खुलासा विशेष उपयोगी पडला. मग ‘इंडिया’ या शब्दाचे काय? काळी बिअर आणि हिंदुस्थान यांचा काही संबंध होता, की ते केवळ शेपूट आहे?

जुनी_मुंबई

संबंध होता, आणि तो ब्लॅक आयपीएच्या वादात सहसा कोणी काढत नाही. हिंदुस्थानात विलायतेहून फक्त फिकट बिअर येत असे, ही समजूत अपुरी आहे. लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन यांची ब्रुअरी होती, तिथली फिकट एल प्रामुख्याने कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी पीत. बराकीतल्या गोऱ्या शिपायांच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर येई ती पोर्टर. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतल्या फौजांसाठी ती कंत्राटाने पिंपे भरभरून पाठवली जात असे. लंडनच्या बार्कले पर्किन्स ब्रुअरीच्या नोंदवह्यांत खास हिंदुस्थानासाठीची ‘ईस्ट इंडिया पोर्टर’ स्वतंत्र आढळते आणि तिच्यात इंग्लंडात विकल्या जाणाऱ्या पोर्टरपेक्षा अधिक हॉप्स घातलेले दिसतात, कारण लांबच्या समुद्रप्रवासात बिअर आंबू नये यासाठी हॉप्सचाच आधार होता.

म्हणजे हिंदुस्थानासाठी बनवलेली, काळी आणि हॉप्स जास्त असलेली बिअर एकोणिसाव्या शतकातच होती. तिला आजच्या ब्लॅक आयपीएची पूर्वज मात्र म्हणता येणार नाही, कारण तिच्यात भाजक्या माल्टची चव पुढे असे आणि हॉप्स इंग्लिश असत. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोगही पुढे रूढ झालेला आहे. तो छापील स्वरूपात १८२९ साली आढळतो, आणि तोही सिडनीच्या वृत्तपत्रातील जाहिरातीत!

कडूनिंब

अधिकृत नावांबद्दल थोडे राहिले. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१० मध्ये या प्रकाराला स्पर्धेसाठी स्वतंत्र वर्ग दिला, तेव्हा ‘अमेरिकन-स्टाइल इंडिया ब्लॅक एल’ असे नाव ठेवले. त्यात ‘पेल’ टाळले, कॅस्केडियाही टाळला. पुढे त्यातला ‘इंडिया’ही वगळला. घरगुती बिअरच्या स्पर्धांचे परीक्षण करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेने मात्र २०१५ च्या नियमावलीत सरळ ‘ब्लॅक आयपीए’ हेच नाव स्वीकारले आणि तिथे नूनन यांच्या ब्लॅकवॉचचा उल्लेखही केला. अल्कोहोल साडेपाच ते नऊ टक्के आणि कडवटपणा ५० ते ९० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक), अशा मर्यादा त्यांनी दिल्या आहेत. ‘पेल’ आणि ‘ब्लॅक’ यांची विसंगती कोणालाच नीट सोडवता आली नाही. दुकानात मात्र ग्राहकाला ‘आयपीए’ ही तीन अक्षरे दिसली की चव कशी असेल याचा अंदाज येतो, आणि माझ्या मते हे नाव टिकण्याचे खरे कारण तेवढेच आहे. कॅलिफोर्नियातील स्टोन ब्रुअरीने २००७ ची आपल्या अकराव्या वर्धापनदिनाची काळी बिअर २००९ पासून ‘सब्लाइमली सेल्फ-रायचस एल’ या नावाने नियमित विकायला काढली आणि ती दूरवर पोहोचली, पण तिनेही कॅस्केडियाचे नाव लावले नाही.

सह्यवारा, मेहुण्यांकडे जाल तेव्हा ग्लास उजेडासमोर धरून पाहा. कडेला माणकासारखी तांबूस झाक आणि वर फिकट बदामी फेस दिसला पाहिजे. पहिल्या वासात कॉफी आधी आली तर ती हॉप्स जास्त झालेली स्टाउट समजावी, संत्र्याची साल आणि राळ आधी आली तर ब्लॅक आयपीए. बाटली घेताना भरल्याची तारीख अवश्य बघावी. हॉप्सचा वास काही महिन्यांतच उतरतो आणि मग मागे उरते ती नुसती काळी, कडू बिअर.