सल्ला हवाय: बारवा आणि वीरगळांचे फोटो काढायला पहिला मिररलेस कॅमेरा, बजेट ४५ हजार

पायरी_पायरीनं
नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यातली, शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड), पडकी हेमाडपंती देवळं बघत फिरते. आतापर्यंत सगळे फोटो मोबाईलवरच काढलेत. बाहेर उन्हात चांगले येतात पण बारवेत उतरलं की वरचं आभाळ पांढरंफट्ट आणि खालच्या पायऱ्या काळ्याकुट्ट, देवकोष्ठातली (भिंतीतल्या कोनाड्यातली) मूर्ती तर दिसतच नाही. काही बारवा दरवर्षी थोड्या थोड्या ढासळायल्यात, त्याआधी त्यांची नीट नोंद व्हावी एवढीच इच्छा आहे. बजेट ४५ हजार, त्यातच कार्ड आणि ट्रायपॉड बसवायचाय. व्हिडिओ नको, रील्स नको. नवीन घ्यावा का जुना, आणि कोणता?

लातूर_क्लिक्स
ताई मी लई वर्षं झाली लग्नाच्या ऑर्डरी करायलोय त्यामुळं अनुभवानं सांगतो, कॅनन आर५० घ्या डोळे झाकून. २४ मेगापिक्सेल, डोळ्यावर फोकस धरला की सोडत नाही, नवरी नाचत स्टेजवर आली तरी हालत नाही. ४५ मधी काय येत नाही, थोडं थांबा आणि ७० करा. सोबत ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या, मागचं सगळं असं ब्लर होतं की बघतच राहाल. माझं मागच्या सीझनचं काम बघून औरंगाबादच्या पार्ट्या फोन करायल्यात.

पायरी_पायरीनं
धन्यवाद दादा. पण माझे विषय जागचे हलत नाहीत, आणि मागचं ब्लर नको, मागच्या पायऱ्याच हव्यात मला. ७० होणार नाहीत, ४५ म्हणजे ४५.

सेलूकर
सोनी झेडव्ही-ई१० बघा भाऊ. लेन्सचा पर्याय सोनीत जेवढा आहे तेवढा कुठंच नाही, सिग्मा, टॅमरॉन, चिनी, सगळं मिळतं. कॅननवाल्यांनी आरएफ माउंट (लेन्स जोडायची जागा) बाकीच्यांना लई उशिरा उघडला. नवीन ६०-६५ ला बसंल.
बाकी आमच्या वालूरची चक्राकार बारव बघितली का? गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, अशी क्वचितच बघायला मिळती.

पायरी_पायरीनं
भाऊ नाही, ताई. वालूरला जाऊन आले, गावकऱ्यांनी गाळ काढून ज्या निगुतीनं ती उभी केली ते बघून भरून आलं. तिथंच मोबाईलची हद्द कळली, अख्खा गोल एका फोटोत बसतच नाही.

गोदाकाठ
झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर नाही हे कामून सांगत नाही कोणी? चैत्र-वैशाखात आपल्याकडं दुपारी स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं, फोटो नाही. डोळा लावून बघायची सोय पाहिजेच.

सेलूकर
ब्राइटनेस वाढवला की दिसतं सगळं. मी मे महिन्यात वापरतो.

गोदाकाठ
वाढवला की बॅटरी किती टिकती ते पण सांगा मग. माझ्याकडं व्लॉगिंगचा एक कॅमेरा होता, कंपनीचं नाव घेत नाही, जायकवाडीला पक्ष्यांचा व्हिडिओ घेताना उन्हात तापून बंद पडला आणि समोरून रोहितांचा थवा उडून गेला. तवापासून व्ह्यूफाइंडर नाही तो कॅमेरा हातात धरत नाही.

लातूर_क्लिक्स
आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे.

जुनं_ते_सोनं
मिररलेसच कशाला पाहिजे पण? २५ हजारात चांगला जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) येतो, बॅटरी दोन दोन दिवस चालती, उरलेल्या पैशात वाइड लेन्स. माझा निकॉन अजून चालतो, पावसात भिजला, गाडीवरून पडला, काय झालं नाही.

नांदेडचा_नाद
सेकंडहँड घेताना जपून. मी ऑनलाइन एकाकडून घेतला, फोटोत नवाकोरा, घरी आल्यावर लेन्समधी टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पैसे परत नाही, फोन उचलत नाही. म्हणून सांगतो, समोरासमोर घ्या. लेन्स काढून मागून टॉर्च मारा, छिद्र पूर्ण उघडं ठेवून. सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) डाग बघायला एफ १६ वर, म्हणजे छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, डाग असतील तर काळे ठिपके दिसतात. आणि मूळ बिल मागाच. बिल नसंल तर उठून या. ग्रे मार्केटच्या (बाहेरून परस्पर आणलेल्या) मालाला इथली वॉरंटी लागत नाही.

हिंगोली_एक्सप्रेस
+१, बिल बघूनच घ्या. आर५० चांगला आहे.

औसेकर
ताई, मी किल्ल्यांचं आणि लेण्यांचं काम करतो, औसा, खरोसा, नळदुर्ग हा आमचा पट्टा, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या कामाला ब्रँडपेक्षा एक आकडा महत्त्वाचा: किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) किती रुंद बघते. एमएमचा आकडा जेवढा कमी तेवढं जास्त रुंद. कॅननची १८-४५ आहे, कॅननचा सेन्सर किंचित लहान त्यामुळं १.६ नं गुणायचं, म्हणजे फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात जवळपास २९. सोनी आणि निकॉनची १६-५० आहे आणि तिथं १.५ नं गुणायचं, म्हणजे २४. कागदावर पाचाचा फरक किरकोळ वाटतो पण बारवेत मागं सरकायला जागाच नसते, पाठीमागं एक तर भिंत नाहीतर पाणी. २९ मधी समोरचे दोन टप्पे बसत असतील तर २४ मधी बाजूचे कोपरे पण येतात. कॅननची १०-१८ मिळते पण तिचे पैसे वेगळे.

दुसरं, काळ्या पायऱ्या आणि पांढरं आभाळ हे नुसतं कॅमेऱ्यानं सुटत नाही. ट्रायपॉड लावा, रॉ मधी (कॅमेऱ्यानं न बदललेली मूळ फाइल) काढा, ब्रॅकेटिंग चालू करून तीन फोटो घ्या, एक आभाळासाठी, एक मधला, एक अंधारासाठी, घरी एकत्र करा. ट्रायपॉड असला की आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ठेवून दोन सेकंद शटर उघडं ठेवलं तरी दगडाला काय फरक पडत नाही. म्हणून जास्त उजेड घेणाऱ्या एफ १.४ च्या महाग लेन्सा तुम्हाला लागत नाहीत. आणि ढगाळ दिवस मिळाला तर सोनं, ऊन-सावलीची भांडणंच मिटतात.

तिसरं वीरगळ. समोरून फ्लॅश मारला की सगळं कोरीव काम सपाट होतं. सकाळी लवकर नाहीतर दिवस कलताना जा, ऊन बाजूनं घासून येतं तेव्हा खालच्या चौकटीतल्या लढाईतली तलवार, मधल्या चौकटीत वीराला घेऊन चाललेल्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावरचे चंद्र-सूर्य, सगळं उठून दिसतं. पारावर सावलीत असंल तर कोणाला तरी एका कडेनं टॉर्च तिरपा धरायला सांगा.

परळी_थर्मल
वीरगळावर चुन्याचं पाणी नाहीतर खडू फिरवला की अक्षरं मस्त दिसतात, आम्ही करतो.

औसेकर
कृपा करून हे करू नका आणि कोणाला सांगू पण नका. खडू दगडाच्या छिद्रात जाऊन बसतो, घासून काढायला गेलं की झीज होते. तेल-शेंदरानं आधीच निम्मे वीरगळ गेलेत आपल्याकडचे. तिरप्या टॉर्चनं तेच काम होतं, दगडाला हात पण लावावा लागत नाही.

परळी_थर्मल
गावात लोक वर्षानुवर्षं शेंदूर लावतात त्यांना सांगा की मग.

औसेकर
त्यांनाही सांगतो. काही ठिकाणी ऐकतात.

उस्मानाबादी
संरक्षित स्मारक असंल तर ट्रायपॉडला परवानगी लागते हे ध्यानात ठेवा, वेरूळ-अजिंठ्याला ट्रायपॉड उघडला की लगेच हटकतात. शेतातल्या बारवेला मालकाला विचारून उतरा. आणि वर कमानीत आग्यामोहोळ आहे का ते आधी बघा, तिथं फ्लॅश-बिश नको.

हिंगोली_एक्सप्रेस
कॅनन आर१०० बसतो की ४५ च्या आसपास, नवीन, वॉरंटीसकट.

गोदाकाठ
आर१०० ची स्क्रीन हालत नाही आणि टच पण नाही. ताईंना पाण्याच्या कडेला कॅमेरा खाली धरून काढायचेत, पोटावर झोपणार का त्या?

पायरी_पायरीनं
औसेकर सर, तुमचं उत्तर छापून वहीत चिकटवलं. मी जुन्या निकॉन झेड५० चा विचार करायले, १६-५० सकट. परभणीत एक ओळखीचे आहेत, ते मोठा कॅमेरा घ्यायलेत म्हणून हा विकायचाय. व्ह्यूफाइंडर आहे, स्क्रीन वर-खाली होते, लेन्सला व्हीआर (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) आहे.

सेलूकर
नका घेऊ. झेड माउंटच्या छोट्या सेन्सरला लेन्सच किती कमी आहेत. उद्या विकायला गेलात तर आपल्याकडं गिऱ्हाईक सोनी-कॅननलाच.

लातूर_क्लिक्स
मी पण हेच म्हणतो. आणि २०.९ मेगापिक्सेल फक्त. २०१९ चं मॉडेल आहे ते, त्याचा पुढचा झेड५०-२ येऊन पण झाला.

जुनं_ते_सोनं
झेड५० मधी सेन्सर झटकायची सोय नाही, धूळ बसली की बसली. आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यानं फिरणाऱ्यानं घेऊच नये. डीएसएलआर घ्या.

औसेकर
धुळीचा मुद्दा बरोबर आहे, मी पण त्याच कारणानं घेतला नसता, तुम्हाला जुना सोनी ए६००० सुचवतो. घेतलाच तर रबरी ब्लोअर सोबत ठेवा, तोंडानं फुंकर मारू नका आणि शेतात लेन्स बदलू नका.

पायरी_पायरीनं
घेतला. झेड५०, ३७ हजाराला, मूळ बिलासकट. नांदेडच्या दादांनी सांगितलं तसा लेन्समधून टॉर्च मारून बघितला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघितला, कोपऱ्यात एक ठिपका होता तो ब्लोअरनं गेला. निकॉनच्या फोटोच्या माहितीत शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा) निघतो, तो त्यांनी सांगितल्याएवढाच निघाला.
सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं ते पटलं नाही असं नाही. ए६००० पण हातात घेऊन बघितला, पण माझी करंगळी त्याच्याखाली लोंबकळते आणि पायऱ्या उतरताना एका हातानं धरायचाय मला. झेड५० ची पकड खोल आहे. लेन्स मी बदलणारच नाही, एकच १६-५० लावून ठेवणार, म्हणजे धुळीचं आणि लेन्स कमी असल्याचं दोन्ही मिटलं. आणि विकायचा नाही.
उरलेल्यातून ट्रायपॉड आणि ब्लोअर झाला. कार्ड कोणतं घेऊ तेवढं सांगा, दुकानदार १२८ चं फास्टवालं महागाचं गळ्यात मारायलाय.

नांदेडचा_नाद
महागाचं नको. कॅमेऱ्यात कार्डाची एकच खाच आहे आणि ती यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाची एक पातळी) ची, त्याच्यावरचं कार्ड घालून वेग वाढत नाही. ६४ ची दोन घ्या चांगल्या कंपनीची, बिलावर. एक भरलं की काढून डबीत, घरी आल्यावर लगेच दोन ठिकाणी कॉपी.

लातूर_क्लिक्स
घेतलाच आहे तर शुभेच्छा ताई. ५० एमएम मात्र घ्याच पुढं.