लायब्ररीला ट्रॅक एकरकमी विकावेत का?

कोमल_निषाद :
अकरा वर्षं मालिकांचं पार्श्वसंगीत करतोय. मागच्या महिन्यात एका म्युझिक लायब्ररीचा, म्हणजे तयार संगीत साठवून मालिका-फिल्मवाल्यांना वापरायला देणाऱ्या कंपनीचा, करार आला. चाळीस ट्रॅक, एकदाच पैसे, पुढे सगळे हक्क त्यांचे. मी सही केली नाही. नव्या मुलांनीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

एक ट्रॅक म्हणजे एक ट्रॅक नसतो. पूर्ण लांबीचा, मग ६०, ३० आणि १५ सेकंदांचे तुकडे, शिवाय तालवाद्यं, तंतुवाद्यं असे वेगळे स्टेम्स, म्हणजे एकेका वाद्यगटाचं स्वतंत्र ध्वनिमुद्रण. एवढं काम एकदा दिलं की ते कुठे, किती वर्षं वाजलं हे आपल्याला कळतही नाही. लंडनची डी वुल्फ ही लायब्ररी १९०९ पासून या धंद्यात आहे, मूकपटांना संगीत पुरवण्यापासून. तिकडच्या जुन्या पद्धतीत टीव्हीवर तुकडा वाजला की संगीतकाराला त्याच्या कॉपीराइट संस्थेमार्फत (सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) रॉयल्टी मिळते. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. मग करारात 'रॉयल्टी कायमची सोडली' असं कलम कशाला?

संकलन_टेबल :
दादा, टेबलाच्या या बाजूनेही बघा. बारवांवर छोटा माहितीपट केला. संगीत ओळखीच्या मुलाकडून घेतलं, पैसेही दिले. त्याने तोच ट्रॅक आधी दुसरीकडे दिला होता. यूट्यूबवर टाकताच कंटेंट आयडीचा (दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला आणि महोत्सवाचे लोक परवान्याचा कागद मागायला लागले. चाल एकाच्या मालकीची, ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या, दोन्ही परवानग्या वेगळ्या. आम्ही कुणाकुणाच्या मागे फिरायचं? स्टॉकहोमची एपिडेमिक साउंड ही लायब्ररी २००९ मध्ये निघाली ती याच अडचणीवर. सगळे हक्क एका जागी आणि परवाना एकच. माझ्यासारख्याची फिल्म त्यामुळेच पूर्ण होते. एकरकमी विक्री नसती तर मी संगीतच वापरलं नसतं.

पुणे३० :
मी विकलेत, बारा ट्रॅक. खोलीचं भाडं आणि साउंड कार्ड त्यातून निघालं. रॉयल्टीची वाट बघायला आधी तगून राहायला हवं ना?

कोमल_निषाद :
@पुणे३०, तुझ्या भाड्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण बाराच्या बारा द्यायची गरज नव्हती. ज्यात तुझी स्वतःची काही चाल आहे असे दोन-तीन ठेव.
@संकलन_टेबल, तुमचा त्रास खरा आहे, पण तो दुहेरी विक्रीचा आहे. एक्सक्लुझिव्ह परवान्यातही, म्हणजे ट्रॅक फक्त एकालाच वापरायला दिला तरी, तो सुटतो, मालकी न देता. एपिडेमिकसुद्धा आगाऊ रकमेवर थांबत नाही, स्ट्रीमिंगच्या उत्पन्नात संगीतकाराला अर्धा वाटा देते. आपल्याकडच्या करारात तेवढं तरी मागा.

संकलन_टेबल :
एक्सक्लुझिव्ह चालेल. पण तो कागद महोत्सवाला मान्य होईल अशा भाषेत हवा, आणि रक्कम माझ्या बजेटात. तुमच्याकडे असा नमुना असेल तर इथे टाका. पुढची फिल्म जूनमध्ये आहे.