मदत हवी आहे: सापाच्या चित्रात जलरंग आणि मेणाच्या पेन्सिली एकत्र कशा वापराव्यात?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक बॉल पायथन आहे आणि सध्या माझ्या स्केचबुकात त्याच्याशिवाय दुसरं काही नसतं. मॉडेल म्हणून साप फार सोयीचा. खाणं झालं की एका जागी वेटोळं घालून पडतो, काचेबाहेर बसून निवांत काढता येतं. आकार मला जमतो. कुठलं वळण कशाखाली शिरतं आणि पलीकडे कुठून निघतं ते आधी आरपार काढून घेते, मग झाकलेल्या रेघा खोडते.

अडतं ते रंगात. पाठीवरचा काळपट तपकिरी रंग आणि त्यातले मातकट डाग जलरंगात सुंदर उतरतात. खवल्यांसाठी मात्र रंगीत पेन्सिली लागतात आणि माझ्या पेन्सिली मेणाच्या आहेत. थोडे थर चढले की कागद गुळगुळीत होतो, पुढचा थर धरत नाही, पांढरं जेल पेन घसरतं. सावली गडद करायला वरून ब्रश फिरवला तर पाण्याचे नुसते थेंब जमतात. गडद भागावर काही दिवसांनी मेणाची पांढरट झाक येते, ती वेगळीच.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरबरीत आहे. माध्यमांचा क्रम बदलावा की पेन्सिलीच बदलाव्यात? आणि खवले काढले की साप गोल न दिसता अंगावर जाळी पांघरल्यासारखा का दिसतो?

प्रतिसाद १

क्रम बदला. पाण्याचं सगळं काम आधी, अगदी सर्वांत गडद सावलीसुद्धा, आणि कागद पूर्ण वाळल्यावरच पेन्सिल. पांढरे ठिपके जेल पेनऐवजी ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने) द्या, तेही पेन्सिलीच्या आधी. पांढरट झाक मऊ कापडाने अलगद पुसली जाते. वर फिक्सेटिव्हचा (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावाचा) हलका फवारा मारला की ती सहसा परत येत नाही. वर्केबल फिक्सेटिव्ह (ज्यावर पुन्हा काम करता येतं ते) घेतलंत तर कागदाला थोडी पकडही परत येते. फवारा मोकळ्या हवेतच मारा, सापाच्या पेटीच्या खोलीत अजिबात नको. तेलाच्या पेन्सिलींना ही झाक जवळजवळ येत नाही, पण आहेत त्या टाकू नका. मेण पाणी झटकतं याचा फायदा घ्या: कोऱ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलने दाबून खवल्यांच्या कडा काढा आणि वरून गडद वॉश (पातळ जलरंगाचा हात) द्या. कडा आपसूक उजळ राहतात. मला तर ही पद्धत मास्किंग फ्लुइडपेक्षा (कागद कोरा राखायला लावतात त्या द्रवापेक्षा) जास्त आवडते, रेघ जिवंत येते.

प्रतिसाद २

जाळीबद्दल. बॉल पायथनच्या मधल्या अंगावर खवल्यांच्या पन्नासच्या वर ओळी असतात, त्या सगळ्या काढायच्या नाहीतच. आधी अंगाला वळसा घालणाऱ्या तिरक्या रेघा दोन्ही दिशांनी हलक्या हाताने मारा. त्या रेघा वक्र हव्यात, सरळ मारल्या की अंग सपाट झालंच. कडेकडे जाताना खवले अरुंद होत जातात. वळणाच्या आतल्या बाजूला दाटतात, बाहेरच्या बाजूला फाकतात. तपशील फक्त उजेड संपून सावली सुरू होते तिथे द्या. भर उजेडात आणि गडद सावलीत पुसटच ठेवा. पोटाचे खवले वेगळे, रुंद आडव्या पट्ट्यांचे, ते विसरू नका. टाकलेली कात जपून ठेवा, ओळींची रचना त्यात स्वच्छ दिसते. फक्त कात ताणली जाते, त्यामुळे तिच्यावरून लांबी मोजू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! पांढऱ्या पेन्सिलीवर वॉश लगेच करून पाहिला. मानेजवळ कडा अशा उमटल्या की मी बघतच राहिले. वक्र रेघांचा सराव आता सुरू करते.

कातीवरून आठवलं: तिचा तुकडा चित्रातच चिकटवला तर? साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मॅट अ‍ॅक्रिलिक मीडियमने (रंग नसलेल्या, चिकटवायला चालणाऱ्या द्रावाने) लावायचा विचार आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, त्यामुळे हात तर धुतेच. पण मीडियम वाळताना कात आकसते का, आणि तिच्यावर पेन्सिल चालते का? कोणी केलं असेल तर नक्की सांगा. जमल्यास फोटोही टाका.