मदत हवी आहे : दोन बोटांची सवय मोडून, कळांकडे न पाहता मराठी टंकलेखन कसे शिकावे?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर येथे एका आपले सरकार सेवा केंद्रावर गेली सात वर्षे काम करतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेयर, पीकविमा अशी कामे दिवसभर चालू असतात आणि त्यांतला बराच मजकूर मराठीत भरावा लागतो. हे सारे मी दोन्ही हातांच्या तर्जनींनी, कळफलकाकडे पाहत करतो. कोणाकडून शिकलो नाही. काम अंगावर पडले तसा हात बसत गेला. मिनिटाला साधारण बावीस शब्द होतात आणि रांगेतल्या माणसांची त्याबद्दल तक्रार नसते. माझी अडचण वेगाची नसून नजरेची आहे.

गेल्या जूनमध्ये एका मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात मी गावाचे नाव ‘पिंपळगाव’ऐवजी ‘पिंपलगाव’ असे भरले. इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची पद्धत मी वापरतो. तीत संगणक आपल्या अंदाजाने शब्द सुचवतो, आणि माझी नजर खाली कळांवर खिळलेली असल्यामुळे पडद्यावर काय उमटले ते मी पाहिलेच नाही. दाखला तसाच निघाला. प्रवेशाच्या वेळी शिधापत्रिकेवरचे गाव आणि दाखल्यावरचे गाव जुळेना, म्हणून तिच्या वडिलांना ऐन पेरणीत तिफण सोडून एसटीने पुन्हा यावे लागले. ते मला रागावले नाहीत. ‘साहेब, तेवढा ळ नीट करून द्या,’ एवढेच म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. ज्याची नजर कागदावर आणि पडद्यावर असायला हवी त्याची ती दिवसभर कळांवर राहते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

दिवाळीनंतर मी एका टंकलेखन वर्गात नाव घातले. तिथे रेमिंग्टन पद्धत शिकवत होते. ही टंकयंत्राच्या काळातली मांडणी असल्यामुळे तीत वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी आणि मग क. केंद्रावर माझा क्रम नेमका उलटा. महिनाभरात अशी अवस्था झाली की संध्याकाळी वर्गात बोटे केंद्रावरची चाल धरत आणि सकाळी केंद्रावर वर्गातली, त्यामुळे दोन्हीकडे चुका वाढल्या आणि मी वर्ग सोडला. शिकवणाऱ्या सरांचा यात काही दोष नव्हता.

गेले तीन आठवडे मी घरच्या जुन्या संगणकावर इनस्क्रिप्ट शिकत आहे. विंडोजमध्ये मराठीचा कळफलक जोडला की हीच मांडणी मिळते. तिची रचना मला मनापासून आवडली. काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख, त आणि थ, प आणि फ अशा जोड्या एकाच कळेवर, दुसऱ्यासाठी फक्त शिफ्ट. अक्षर जसे उच्चारतो त्याच क्रमाने दाबायचे, त्यामुळे ‘धर्म’ लिहिताना ध, र, मग पाय मोडायची खूण आणि म. रफारासाठी वेगळी कळ शोधावी लागत नाही. मधल्या ओळीवर डाव्या हाताला ओकार, एकार, पाय मोडायची खूण, पहिली वेलांटी, पहिला उकार आणि उजव्या हाताला प, र, क, त, च, ट हे मला आता न पाहता येते.

पुढे मात्र दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिली अडचण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची. आमच्याकडे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा लागतो. अकरा कळा आणि दोनदा शिफ्ट. श, एकार, त, क येथपर्यंत हात बरोबर चालतो. ऱ साठी डावी करंगळी शिफ्टवर जाते, उजवी तर्जनी र दाबते, आणि त्यानंतर पाय मोडायच्या खुणेऐवजी बहुतेक वेळा एकार उमटतो. दहापैकी सात वेळा तरी असे होते, म्हणजे ही चूक योगायोगाने होत नसावी, पण तिचे कारण मला सापडत नाही. घरच्या कळफलकावरचे एफ आणि जे या कळांचे उंचवटे झिजून सपाट झाले आहेत, हेही सांगून ठेवतो.

दुसरी अडचण मोठी आहे. रात्री अर्धा तास मी नव्या पद्धतीने सराव करतो आणि दिवसा नऊ तास जुन्या सवयीने काम करतो. साहजिकच जुनी सवय जिंकते. उद्यापासून केंद्रावरही नवीनच पद्धत वापरायची म्हटले तर माझा वेग सहा-सात शब्दांवर येईल, आणि पीकविम्याच्या मुदतीच्या दिवसांत दारात साठ माणसे उभी असताना ते करणे मला शक्य नाही. त्यांच्या दिवसाच्या मजुरीवर मी शिकू नये असे वाटते. ज्यांनी नोकरी किंवा धंदा चालू ठेवून ही सवय मोडली आहे, त्यांनी कृपया सांगावे की जुने आणि नवे एकाच दिवसात कसे नांदवले, आणि किती काळ.

प्रतिसाद

भाऊ, मी लातूरला बरीच वर्षे टंकलेखन शिकवले. आधी टंकयंत्रावर, नंतर संगणकावर. तुम्ही चूक इतक्या नेमकेपणाने लिहिली आहे की उत्तर तुमच्याच परिच्छेदात आहे. शिफ्ट दाबायला करंगळी खाली डावीकडे जाते तेव्हा शिकाऊ माणसाचा सगळा पंजाच तिच्यामागे सरकतो. पंजा एक कळ डावीकडे गेला की मधले बोट पाय मोडायच्या कळेऐवजी शेजारच्या एकारावर पडते. पंजा जागेवर परतला की नाही हे डोळ्यांना कळायचे नसते, तर्जनीला एफवरचा उंचवटा लागला की कळायचे असते, आणि तुमचा उंचवटाच झिजला आहे. नवा कळफलक काही शे रुपयांत मिळतो; तोवर एफ आणि जे या कळांवर नखांना लावायच्या रंगाचा एकेक थेंब ठेवा, वाळू द्या, वर दुसरा थेंब द्या. मग एवढाच सराव करा: डावी तर्जनी थेंबावरून उचलायची नाही, करंगळी शिफ्टवर न्यायची, ऱ दाबायचा, करंगळी परत आणायची आणि लगेच पाय मोडायचा. पूर्ण शब्द लिहू नका. नुसते ‘ऱ्या’ दिवसाला शंभर वेळा, सावकाश. तुमच्या ‘ळ’लाही हीच करंगळी लागते, कारण तो ल च्या कळेवर शिफ्टने येतो.

आता दुसरा प्रश्न. दिवस वेळेवर वाटू नका, पद्धतीवर वाटा. तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की जुनी सवय इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची आहे आणि नवी इनस्क्रिप्टची. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. रेमिंग्टनच्या वेळी गोंधळ झाला तो क्रम उलटा असल्यामुळे आणि दोन्हीकडे एकच नियम न पाळल्यामुळे. म्हणून नियम असा करा की संगणकावर इनस्क्रिप्ट चालू असेल तेव्हा दोन बोटांनी एकही अक्षर दाबायचे नाही, मग एका शब्दाला मिनिट लागले तरी चालेल. आणि जुनी पद्धत चालू असेल तेव्हा निर्धास्तपणे जुन्याच हाताने काम करायचे. घाईत इनस्क्रिप्ट चालू असताना जुना हात वापरलात की महिन्याची मेहनत वाया गेली असे समजा.

केंद्रावर सुरुवात फक्त अर्जदाराच्या नावापासून आणि गावाच्या नावापासून करा. तेवढे इनस्क्रिप्टने, बाकी जुन्या हाताने. प्रत्येक माणसामागे अर्धे मिनिट जास्त जाईल, पण जिथे चूक महागात पडते तिथेच तुमची नजर पडद्यावर राहील, आणि ‘पिंपळगाव’मधला ळ तुम्ही स्वतः दाबाल, संगणकाच्या अंदाजावर तो अवलंबून राहणार नाही. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हेही थांबवा आणि फक्त रात्रीचा सराव ठेवा. रात्रीचा अर्धा तास सलग न घेता पंधरा मिनिटे पहाटे, पंधरा रात्री असा घ्या. थकलेल्या बोटांनी केलेला सराव चुकांचाच सराव होतो. वेग मोजू नका. शंभर कळांत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर चाल आणखी मंद करा. कळांवर मराठी अक्षरांची चिकटपट्टी असेल तर ती आजच काढा आणि मांडणीचा कागद डोळ्यांसमोर भिंतीवर लावा. आम्ही वर्गात मुलांच्या हातांवर रुमाल टाकत असू. तो उपाय अजूनही चांगला आहे.

दुसरा प्रतिसाद

वर लिहिणाऱ्या लातूरच्या ताईंशी बहुतेक सहमत आहे. मी नांदेडला कार्यालयात काम करतो आणि असाच उशिरा शिकलो. दोन गोष्टींची भर घालतो. पुढे कधी लिपिक-टंकलेखक पदाचा विचार असेल तर मराठीसाठी मिनिटाला ३० शब्दांचे प्रमाणपत्र लागते; ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पाच कळा म्हणजे एक शब्द असा हिशेब धरला तर मिनिटाला १५० कळा होतात. अर्ज भरण्याआधी कोणत्या मांडणीवर परीक्षा देता येईल ते संस्थेत विचारून घ्या. इनस्क्रिप्ट शिकणे मात्र सोडू नका. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ती प्रमाण मांडणी म्हणून ठरवली आणि भारतीय मानक १३१९४ मध्ये १९९१ साली तिचा समावेश झाला, त्यामुळे कोणत्याही संगणकावर बसलात तरी ती सहसा मिळतेच.

दुसरे, आधार क्रमांकाचे बारा आकडे उजवीकडच्या अंकफलकावर न पाहता भरायला आधी शिका. पाचाच्या कळेवर उंचवटा असतो. मधले बोट तिथे, अंगठा शून्यावर. हे आठ दिवसांत जमते आणि नजर कागदावर ठेवायची सवय तिथूनच लागते.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

ताई, सर, मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कळांवर थेंब दिले. आज अकरावा दिवस. ‘ऱ्या’ची चूक दहात सातवरून दहात एकावर आली आहे, आणि ती एक चूकही बोट थेंबावरून सुटले की होते हे आता हाताला कळते. केंद्रावर नाव आणि गाव इनस्क्रिप्टने भरणे सोमवारपासून सुरू केले. पहिल्या दिवशी एका आजोबांनी विचारले की आज संगणक हळू आहे का. मी त्यांना पडद्यावर त्यांचे नाव वाचून दाखवले, आणि त्यांनी वडिलांच्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. सात वर्षांत माझ्याकडे असे प्रथमच घडले, कारण पडद्याकडे आम्ही दोघेही पाहत होतो. आता प्रत्येकाला नाव वाचून दाखवतो.

अंकफलकही चालू केला आहे. एकच गोष्ट अजून विचारायची राहिली. उजव्या हाताची करंगळी च आणि ट दाबायला उचलली की अनामिका आपोआप तिच्यासोबत उठते आणि मधेच त उमटतो. लहानपणापासून शेतातले काम केलेले हात आहेत, बोटे जाड आणि ताठ आहेत. ताई, तुमच्याकडे अशी मुले शिकायला येत असतील. त्यांच्याकडून या दोन बोटांसाठी तुम्ही कोणता सराव करून घेत होता?