ढब, लकब, धाटणी की ऐट?

(शब्दांवरची ही चर्चा खानदेशातल्या चौघांची; नावाऐवजी बोलणाऱ्याचं गाव दिलं आहे.)

धुळे : ‘स्टाईल’ला मराठी शब्द हवा आहे, पण त्यात मिरवणं नको. एखादी बाई रोज साधंच लुगडं नेसते, तरी पदर आणि चालीवरून लांबूनच ओळखू येते. ‘शैली’ म्हटलं की लेखन आठवतं आणि ‘ऐट’ म्हटलं तर तिच्यावर अन्याय होतो.

अमळनेर : ढब. आपल्या अहिराणीत सरळ म्हणतात, ‘तिनी नेसानी ढबच न्यारी शे.’ शब्द पारखायचा असेल तर त्याच्यापुढे ‘मिरवणे’ लावून पाहा. ऐट मिरवतात, तोरा मिरवतात, रुबाब झाडतात, स्टाईल मारतात. ढब कोणी मिरवत नाही, ती असते. ऐटीला बघणारा लागतो, ढब एकट्या घरातही तीच राहते. ‘शैली’ मात्र इतकी परकी नाही. तो शब्द ‘शील’वरून आला, आणि शील म्हणजे स्वभाव. लेखनापुरता तो आपणच आखडून ठेवला.

चोपडा : ढबीचं मर्म नेसण्यातच सापडतं. लुगडं नऊ वारांचं, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं कापड सगळ्यांना सारखंच मिळतं, फरक हातात असतो. कमरेची गाठ सैल राहिली की निऱ्यांचं वजन ती पेलत नाही, निऱ्या खाली ओढतात आणि पुढे खोचलेला ओचा सुटतो. पहिली निरी चार बोटांची आणि शेवटची दोन बोटांची झाली तर घोळ एका बाजूला पसरतो. काष्टा फार ताणला तर पाऊल आखडतं, ढिला सोडला तर मागे फुगतो. हे सगळं जमल्यावर कोण पदर कपाळापर्यंत घेते, कोण केसांच्या मध्यावर थांबवते, ती तिची ढब.

पुरुषांच्या पांढऱ्या टोपीचंही तसंच. खळ पातळच हवी. घट्ट झाली तर पांढरे चट्टे उमटतात आणि घडीवर कापड तडकतं. टोपी पूर्ण वाळू दिली असेल तर पाणी शिंपडून, जरा दमट असतानाच इस्त्री करावी, नाहीतर कड सरळ बसत नाही. एकाच ठाणाच्या दहा टोप्या असल्या तरी कपाळावर कोणती कुठे टेकते, त्यावरून माणूस कळतो.

धुळे : मग लकब आणि धाटणी?

अमळनेर : लकब म्हणजे एखादीच बारीक सवय, बहुधा नकळत होणारी : बोलताना उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळणं. अशा लकबी, चाल, नेसणं सगळं मिळून ढब होते. धाटणी घडवलेल्या वस्तूची असते : वाड्याची, गाण्याची, शिंप्याने बेतलेल्या सदऱ्याची. ठेवण जन्माने येते, चेहऱ्याची किंवा अंगाची. ती निवडता येत नाही, म्हणून तुमच्या कामाची नाही.

नंदुरबार : एक जपा. ‘तिच्या पदराची लकब’ हे चूक. लकब माणसाची, पदराची नव्हे. ‘पदर सावरायची तिची लकब’ म्हणा.